जागं गवत

भूमिका एकदा विचारते, दुसऱ्यांदा विचारत नाही. बाईजाबाईचा धाकट्या सुनेवर राग होता तो एवढ्याचसाठी. बाकी नावं ठेवायला तिने कमी शोधलं नव्हतं. पण उजाडायच्या आत गोठा झाडलेला असायचा, भाकरी तव्यावर टम्म फुगायची, उलट उत्तर कधी यायचं नाही, आणि काहीच सापडत नाही म्हणूनही बाईजाबाईचं डोकं तडकायचं. सापडलं ते हे एक. "आई, मीठ घालू?" म्हणून विचारणार, "घाल" म्हटलं की वळणार. किती, कधी, खडे की बारीक, काही नाही. माणसाने दोनदा विचारावं. दोनदा विचारलं की सांगणाऱ्यालाही आपण काय सांगितलं ते नीट ऐकू येतं. पण ही बया एक शब्द उचलते आणि चालू पडते, कोंबडी दाणा चोचीत धरून दुसऱ्या अंगणात पळते तशी. कल्याणला थोरल्याच्या घरी चौथ्या मजल्यावर बसून गेला महिनाभर बाईजाबाई हे थोरल्या सुनेला, नम्रताला, ऐकवत होती, आणि बाळंतीण नम्रता तोंडावर पांघरूण ओढून "हं, हं" करत होती.

त्या दिवशी सकाळी धाकटा सुनिल दुधाची किटली घेऊन दारात उभा राहिला, आणि किटलीची कडी मोकळी होती. बाईजाबाईच्या पसरलेल्या पायांवर तेलाने माखलेलं पोर होतं. बारसं अजून झालेलं नव्हतं, म्हणून नुसतंच पोर. त्याच्या पाठीवरून फिरणारा तिचा हात जागच्या जागी थांबला. गावोगावचं दूध टेम्पोत घालून सुनिल रोज पहाटे कल्याणला आणायचा आणि एक किटली भावजयीसाठी वर द्यायचा. माळावरचं गवत कापायला घेतल्यापासून त्या किटलीच्या कडीला भूमिका रोज मूठभर गवत बांधून धाडायची. सगळ्या इमारतीत गवताचा वास असलेली ती एकच वस्तू. बाईजाबाई ती मूठ पिळायची, कानाशी धरून चुरायची, एक कांडी दाताखाली फोडायची, आणि संध्याकाळी फोनवर सांगायची, "जागं हाय." त्यांच्या घरात गवत ओलं नसतं आणि सुकं नसतं. जागं असतं, नाहीतर निजलेलं असतं. वरून कडकडीत वाजणारं गवतही आत कांडीत जागं असू शकतं. तसंच रचलं तर उडवीच्या, गवताच्या गंजीच्या, पोटात ते श्वास घेत बसतं, तापतं, आणि भोवतालच्या सगळ्या गवताला घेऊन जातं. म्हणून घरात एकच माणूस सांगतं. आधी सासू सकुबाई सांगायची. ती गेल्यापासून बाईजाबाई. तिने "निजलं" म्हटल्याशिवाय माळावर कुणी बंध उचलत नाही, मग आभाळ डोक्याला टेकलेलं असो.

"गवत कुठाय रे?" तिने विचारलं.

"गवत?" सुनिलने किटली ओट्यावर ठेवली. "आता कशाला धाडंल गवत? काल रचली ना उडवी. रातीपर्यंत सगळा माळ साफ."

"कोनी रचली?"

"भूमिकेनं. मी होतो, शेजारची पारू होती."

"कोनाला इचारून?"

सुनिलने आईकडे पाहिलं, मग नम्रताकडे पाहिलं. "तुलाच इचारून ना. फोनवर तूच बोललीस, निजलं. वर म्हनालीस, आता हलवू नको."

"मी?" बाईजाबाईचा आवाज इतका वर गेला की पोर दचकलं आणि त्याने दोन्ही मुठी हवेत फेकल्या. "मी बोलले? कालची मूठ अजून माज्या उशाखाली हाय. कांडीतनं पानी निघालं दाताखाली. मी बोलेन निजलं? जीभ झडंल माजी. खोटं बोलते ती. घाई झालीवती तिला, आन् खापर माज्या डोक्यावर."

पोर तिने तसंच तेलकट उचलून नम्रताच्या कुशीत दिलं. नम्रता म्हणाली, "आई, बाळाची अंघोळ?" बाईजाबाई तोवर लुगड्याचा कासोटा आवळत होती. "फोन करा ना, आई," नम्रता म्हणाली. "फोनवरनं हात घालता येतो का गो उडवीत?" बाईजाबाई म्हणाली आणि लिफ्टची वाट न पाहता जिना उतरू लागली. गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. महिनाभर त्या जिन्याला ती भ्यायली होती, आणि आता पायऱ्या आपणहून तिच्या पायांखाली येत होत्या.

टेम्पोत दुधाच्या रिकाम्या टाक्या मागे धडाधड आपटत होत्या. शहाड मागे पडलं, म्हारळ मागे पडलं, आणि सुनिल गाडी हळू चालवतो म्हणून तिने त्याला दोनदा बोलून घेतलं. गाडीत नासक्या दुधाचा आंबूस वास होता. तो तिला आवडला. वासच नसलेल्या घरात एक महिना काढल्यावर कुठलाही वास चालतो. काच खाली करून तिने तोंड बाहेर धरलं आणि वाऱ्याने तिचे डोळे पाण्याने भरले. तिला राग आला होता, नीट पेटलेल्या चुलीसारखा. तिला भीती वाटत होती. आणि या दोहोंच्या खाली आणखी काहीतरी उड्या मारत होतं, त्याचं नाव घ्यायची तिची तयारी नव्हती. माझ्यावाचून अडलं. एक महिना नाही मी, तर उडवी चुकली. हा विचार तिने जिभेच्या टोकावर खडीसाखरेसारखा धरून ठेवला आणि लगेच स्वतःचीच तिला शिसारी आली, कारण उडवी चुकली म्हणजे सहा जनावरांचं वर्ष चुकलं. मोरी गाय आता व्यायची होती. माळ एकदाच उगवतो, एकदाच कापतात. आता पुन्हा गवत आणायचं तर ते आभाळातून आणायचं. आणि गवतापलीकडे आणखी एक होतं. सकुबाईपासून आजवर त्या घराची एक उडवी नासली नव्हती. गावात लोक म्हणत, त्यांच्याकडे निजलं म्हटलं का निजलं. तो शब्द आता माळावर उभा होता, आत तापत, आणि तो तिच्या नावाने उभा होता.

गोवेलीच्या पुढे आभाळ दिसलं. घाटाच्या अंगाला काळं, कडेला पितळी. कापणीच्या दिवसांत हा पाऊस येतो तो चोरासारखा. सकाळी ऊन असं पडतं की गवत बांधायची घाई व्हावी, आणि दुपारी माळशेजवरून ढग असे सरकत येतात की बांधायची घाई व्हावी. दोन्हीकडून घाईच. घाई करायची नाही हेच तर सगळं. सकुबाई माळाच्या मधोमध बसून राहायची. बाया गवताच्या कवळ्या उलटत, परतत, घामाने लुगडी अंगाला चिकटलेली, आणि सगळ्यांच्या माना आभाळाकडे; ती एकटी गवताकडे बघत. ढग गडगडला तरी तिचा हात गवतात. बाईजा तेव्हा नवी नवरी. तिला वाटायचं, सासू काही मंत्र टाकते. मग एकदम ती म्हातारी उठायची, "निजलं" म्हणायची, आणि सगळा माळ अंगात आल्यासारखा धावायचा. बंध, पेंढ्या, भारे, डोक्यावर, खांद्यावर, आणि उडवी चढत जायची ढगाच्या पैजेने. त्या धावण्याची चव बाईजाबाईला कुठल्याच सणात पुन्हा मिळाली नाही. आणि मग ते वर्ष, सकुबाई खोकत खोकत माळावर आली, गवताकडे हात नेला, मध्येच मागे घेतला आणि बाईजाकडे न बघताच म्हणाली, "तू घाल." एवढंच. बाईजाने कोपरापर्यंत हात घातला. सगळ्या बाया बघत होत्या. तळहात एकदम मोठा झाला, माळाएवढा झाला, त्यात एकेक काडी वेगळी कळायला लागली. "निजलं!" ती ओरडली. आवाज मध्येच फाटला, बाया हसल्या, पण हसतच त्यांनी बंध उचलले. ती माळावर उभी होती आणि तिच्या एका शब्दावर माणसं पळत होती.

मुरबाडात नाक्यावर गाडी थांबली. कुठूनतरी करपल्या साखरेचा गोड वास आला आणि बाईजाबाईच्या अंगावर सरकन काटा आला. चहावाल्याच्या पातेल्यातलं उतू गेलं होतं, दुसरं काही नाही. पण तोच वास. गावातल्या काळूरामच्या उडवीला एका वर्षी तोच वास आला होता, गुळाच्या काहिलीसारखा, आणि लोक म्हणाले होते, काय गोड गवत आहे यंदा. बाहेरून ती उडवी पिवळीधमक, देखणी. फोडली तेव्हा आत पोटात चहाच्या चोथ्यासारखा काळा गोळा, आणि त्यात हात घातला तर पोळेल असा. जनावरांनी वास घेतला आणि माना फिरवल्या. काळूराम उडवीपाशी बसून राहिला होता, घरात मयत झाल्यावर बसावं तसा. गोड वास आला की भ्यायचं, हे तेव्हापासून तिच्या अंगात बसलं आहे. बारशाच्या, लग्नाच्या घरातसुद्धा पाक होत असताना तिला उगाच उठून उभं राहावंसं वाटतं.

"आई, पानी पितेस?" सुनिल म्हणाला.

"गाडी चालव."

सरळगावच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि तिच्या डोक्यात कालची संध्याकाळ आपोआप उघडली. ती उघडायला तिने काहीच केलं नव्हतं. पोराचं पोट धरलं होतं काल. दुपारपासून किरकिर, मग रडं, मग असं रडं की शेजारच्या दारातून माणसं डोकावली. तिने त्याला मांडीवर पालथं घातलं, शेक दिला, मांडी हलवत, हलवत, हलवत राहिली, तिची कंबर गेली, खिडकीबाहेरचे दिवे लागले. आणि कधीतरी त्या एवढ्याशा अंगातली ताठ दोरी सैल झाली. एक श्वास लांब गेला. नम्रता मोरीतून येऊन त्याला उचलायला वाकली. तिच्या हातात फोन होता, तो तिने सासूच्या कानाजवळ धरला होता, आणि फोनमधून वाऱ्यात फाटलेला एक आवाज आला, "आई, निजलं का?" बाईजाबाईला वाटलं, सगळं जग त्या पोराकडेच बघत बसलंय. तिने कुजबुजून सांगितलं, "निजलं. निजलं गो एकदाचं." आणि नम्रताचे हात पुढे येताना बघून, "आता हलवू नको."

टेम्पो एका खड्ड्यात आदळला. मागच्या टाक्या खणखणल्या.

फोन तिकडून ठेवला गेला होता. अर्थात ठेवला गेला. ती काय दुसऱ्यांदा विचारते? एवढं एक "काय निजलं, आई?" विचारलं असतं! बाईजाबाईने तोंडावर पदर धरला. तिला रडायला येत होतं की हसायला, ते पदराआड तिला स्वतःलाही कळेना. पोर निजलं आणि माळ बांधला गेला. तिकडे भारे डोक्यावर धावले, उडवी चढली, ढगाशी पैज लागली, आणि त्या सगळ्याला पळवणारा शब्द एका पोराच्या पोटदुखीचा होता. ती सुनिलला काही बोलली नाही. बोलायची गरजच काय? तो शब्द तिचा होता हे खरं. कशाबद्दल होता ते तिघांना ठाऊक. त्यातलं एक तर झोपलं होतं आणि नम्रता अर्धी झोपेत होती. टोकावड्याला थेंब पडू लागले तेव्हा तिने मनात ठरवून टाकलं की काही झालं तरी चूक भूमिकेचीच. गवत समोर होतं तिच्या. डोळे होते ना. कांडी फोडायला दात होते ना. वैशाखऱ्याच्या फाट्याला गाडी वळली आणि बाईजाबाईने आपल्या उजव्या तळहाताकडे पाहिलं. तो मऊ झाला होता. महिनाभराच्या तेलाने त्याच्या भेगा बुजल्या होत्या, तो तुळतुळीत, कुणा दुसऱ्याच बाईचा हात असावा तसा दिसत होता. तिने तो लुगड्याला घासला. पुन्हा घासला. तेल जाईना.

माळावर ती चढली ती जवळजवळ धावतच. सुनिल मागून "हळू, हळू" करत होता. पाऊस आला होता आणि थांबला होता, दगडांवरून वाफ निघत होती, आणि ती हवेत नाक फुगवून गोड वास शोधत होती, येऊ नये म्हणून शोधत होती. माळ कापून मोकळा झालेला, नुसते खुंट उरलेला, न्हाव्याकडून आलेल्या पोरासारखा. आणि मधोमध उडवी. पण काय उडवी ती! वाकडी. पोटात फुगलेली, डोक्यावर बसकी, आणि डोक्यावर इरलं. बाईजाबाईचं स्वतःचं इरलं. भाताच्या आवणीला ती पावसात पाठीवर घ्यायची ते पानांचं, घरच्या माळ्यावर कित्येक वर्षं टांगलेलं, कुणी हात लावायची ज्याला हिंमत करत नव्हतं ते, उडवीच्या शेंड्यावर चार काठक्यांवर उचलून ठेवलेलं, मधून बोटभर फट सोडून. आणि त्या फटीतून बारीक वाफ बाहेर पडत होती. अगदी बारीक. थंडीत जनावराच्या नाकपुडीतून येते तशी.

भूमिका उडवीच्या मागून आली. हातात गवत उचलायचं बेळकं, केसांत काड्या. सासूला बघून तिने बेळकं खाली ठेवलं आणि पदर नीट केला.

"ही काय गो?" बाईजाबाई म्हणाली. "ही उडवी काय? ही तर गाभन म्हैस बसलीय. आन् माजं इरलं कोनाला इचारून काढलंस?"

"मधी भोक ठेवलंय, आई."

"भोक?"

"कोंड्याचं पोतं मधी उभं ठेवलं आन् भवताली रचत गेलो. थर चढला का पोतं वर ओढायचं. वरपर्यंत वाट राहिली. म्हून फुगली ती." भूमिकेने वर बोट दाखवलं. "पाऊस आत जाईल म्हून इरलं."

"भोक कशाला ठेवलंस? मी निजलं बोलले ना? निजलेल्या गवताला भोक लागतं?"

भूमिकेने सुनिलकडे पाहिलं. तो आभाळ बघू लागला. "तुमी बोललात निजलं," ती हळू म्हणाली, "तुमचा शब्द मोडायचा नव्हता. आन् ढग पन आलावता. पन मी कांडी फोडली. हिरवी होती आत. मग म्हटलं, शब्द पन राहूदे, कांडी पन राहूदे. जागं आसंल तर त्याला नाकाला जागा."

वारा सुटला. इरल्याखालची वाफ आडवी झाली आणि सरळ झाली. बाईजाबाई ते बघत राहिली. सकुबाईने असं भोक कधी ठेवलं नव्हतं. तिनेही नाही. त्यांना ठेवायची पाळीच आली नव्हती, त्या थांबायच्या. थांबता येत नसेल तेव्हा काय करायचं हे सकुबाईच्या हाताला माहीत नव्हतं, बाईजाच्याही नाही, आणि ही पोर, आभाळ अंगावर येत असताना, एका हातात खोटा शब्द आणि एका हातात खरी कांडी घेऊन उभी राहिली आणि तिने दोन्हींतलं एकही टाकलं नाही. बाईजाबाईच्या छातीत टाक्या खणखणत होत्या. तिला ओरडायचं होतं. काय ते कळत नव्हतं.

"मग दुसऱ्यांदा का नाय इचारलंस?" ती ओरडली. "तोंड शिवलंवतं? फोन परत लावला आसतास तर?"

"पयल्या वर्षी इचारलंवतं," भूमिका म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती फक्त सांगत होती. "भात काढू का म्हून. तुमी काढ बोललात. मला वाटलं, पेज ठेवायची का, म्हून परत इचारलं. तर बोललात, कानांत बोळे घातलेत का गो बापानं? सगळी पाहुनी बसलीवती. तवापासून नाय इचारीत."

सुनिल खोकला. बाईजाबाईला ती पाहुणी आठवली नाहीत. पेज आठवली नाही. वाक्य मात्र तिला ओळखता आलं, आपल्याच घरातलं भांडं दुसऱ्याच्या ओट्यावर दिसावं तसं.

तिने पुढे होऊन उडवीत हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, गाल गवताला टेकला. काड्या टोचल्या नाहीत, तेलावरून सरकल्या. ऊब होती. पण ती गवताची होती की तिच्या हाताची, की महिनाभर त्या हातात राहिलेल्या पोराच्या पाठीची, तिला सांगता येईना. पोराच्या काखेत असते तेवढीच ऊब. हात सांगत होता तेही खरं असेल, पण तो आता एकच गोष्ट ओळखायला शिकला होता. तिने डोळे मिटले. वास कडूगोड, हिरवा, गूळ नाही. अजून गूळ नाही. कान टेकला तर आत, फार आत, उडवीच्या पोटातल्या त्या पोकळ वाटेतून हवा वर जात होती, आणि तो आवाज, देवाशपथ, झोपेत शिरताना पोराचा येतो तसा होता. तिला हसू फुटलं. गवतात तोंड खुपसून ती हसली, आणि मागे उभ्या असलेल्या दोघांना वाटलं, म्हातारी रडते.

तिने हात बाहेर काढला. कोपराला काड्या चिकटल्या होत्या.

"तू घाल," ती भूमिकेला म्हणाली.

भूमिकेने उडवीकडे पाहिलं. तिने एकदाही विचारलं नाही. मग बाही वर सारून तिने हात घातला, सावकाश, बिळात चाचपावं तसा नाही, गाय विताना आत घालतात तसा. तिचा चेहरा रिकामा झाला. बाईजाबाईला तो चेहरा माहीत होता. आतून माहीत होता, बाहेरून तिने तो पहिल्यांदा पाहिला.

"जागं हाय," भूमिका म्हणाली. आवाज मध्येच फाटला.

बाईजाबाईने चार काठक्यांवरचं आपलं इरलं पाहिलं. ती टाचा उंचावून उभी राहिली आणि बेळक्याच्या टोकाने त्याची एक बाजू वर उचलून तिने फट बोटभराची चार बोटं केली. वाफेचा एक जाड झोत सुटला आणि आभाळात विरला. मग ती धाकट्या सुनेकडे वळली, आणि पलीकडच्या बांधावरून पारूलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"निजलंवतं ते पोर गो, भवाने, गवत नाय! हे जागंच हाय, आन् निजंल ते तू ठेवलेल्या वाटंनं निजंल. आजपासून गवताचं मला इचारायचं नाय. तू सांगायचं, आमी बांधू. मला काय इचारायचं ते पोराचं इचार... आन् दोनदा इचार."